वरच्या खोलीची वायर

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. विषय त्या बाजूला वळू लागला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवायचो. गेल्या गणपतीत मात्र उठून जायला जागा नव्हती. आरतीनंतर मंडपात बसलो होतो, हातात प्रसादाचा द्रोण होता, आणि शेजारच्या ओळखीच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या सूनबाईंनी ती नोकरी सोडलीच होती ना शेवटी? घरी बसून करायची होती, तरी नाही जमली!" मी मान डोलावली. हो म्हणून. द्रोणातली खिरापत चिमटीने खात राहिलो.

घरी आल्यावर ती डोलावलेली मान माझ्या मनातून जाईना. म्हणून लिहितो आहे. नोकरी तिला जमली नाही हे खरं नाही.

हिंदी मुलखातलं हे शहर. मी इथल्या फॅक्टरीत विजेच्या देखभालीत होतो. जाड केबल जोडण्यात माझी हयात गेली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही हे घर बांधलं. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि माझी खोली. वर गच्चीला लागून एकच खोली. घर बांधून झालं आणि काही दिवसांनी बायको गेली. मुलाचं लग्न तिला पाहता आलं नाही.

सून नागपूरची. तिची नोकरी पुण्यातल्या एका कंपनीत, काम घरून. मुलगा इथे बँकेत. त्याला आज शहपुरा, उद्या पाटन, असं आसपासच्या गावांतल्या शाखांमधून फिरावं लागे. सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघंच. मी आणि ती.

लग्नानंतर घरात फायबरचं कनेक्शन घेतलं. कंपनीचा माणूस खांबावरून तार आणून माझ्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात डबा बसवून गेला. पुढचं सगळं मी म्हणालो मी करतो. मुलगा म्हणाला, "बाबा, वायफाय आहे ना, वायर काहून ओढता?" मी म्हणालो, "हवेत सोडलेल्याचा भरवसा नसतो. वायर ती वायर." खरं म्हणजे मला हात चालवायला काम हवं होतं.

त्या दिवसांत मी फार खुशीत होतो. लॅन केबलचा, म्हणजे इंटरनेटच्या वायरीचा, खोका आणला. टोकाला प्लग दाबून बसवायचा चिमटा आणला आणि वायर तपासायचं यंत्र आणलं, ज्याच्यावर ओळीने दिवे लागतात. फॅक्टरीतली केबल मनगटाएवढी. ही करंगळीहूनही बारीक, पण आत रंगीत तारांच्या पिळलेल्या जोड्या, आणि त्यांचा क्रम जरा चुकला की सगळं मुकं. भिंग लावून मी त्या तारा सरळ करायचो. विजेच्या वायरींपासून दूर, वेगळ्या पाइपातून लाइन नेली. कपाटात आठ तोंडांची छोटी डबी बसवली. तिला स्विच म्हणतात. घरातल्या प्रत्येक खोलीची वायर तिथे येऊन थांबते, आणि तिथून वायरीच्या वीतभर तुकड्याने ती स्विचला जोडून घ्यायची. तो तुकडा लावला की खोली चालू, काढला की बंद. इतकं सोपं.

एक लाइन माझ्या खोलीत, एक बैठकीत. वरच्या खोलीची मागाहून करू म्हटलं. तोपर्यंत सून बैठकीत बसून काम करू लागली. खिडकीजवळ टेबल, कानाला हेडफोन.

बैठकीला दार नाही. बांधताना बायको म्हणाली होती, दार नको, कमान ठेवू, मोकळं वाटतं. एका अंगाला रस्त्याकडचा दरवाजा, दुसऱ्या अंगाला कमान, आणि कमानीपलीकडे स्वयंपाकघर. माझे फॅक्टरीतले दोन मित्र रोज अकराच्या सुमारास यायचे. ते यायचे, बसायचे, आणि तिच्या मीटिंगा चालू असताना आम्ही कुजबुजायचो. म्हाताऱ्यांची कुजबुज म्हणजे काय, रस्त्यावर ऐकू जाते.

"बेटा, तुझं चालू दे," एक मित्र हात हलवून सांगायचा. "हम तो बस ऐसे ही."

दुसरा त्याला ढोसायचा. "अरे, धीरे! ती साहेबाशी बोलून राहिली."

"साहेब मला बघून राहिला का?"

"तुला बघितलं असतं तर फोन ठेवला असता."

ती हेडफोन एका कानावरून सरकवून हसायची. मग मधल्या सुट्टीत सगळ्यांचा चहा करायची. मी नको म्हणत नसे.

हिवाळ्यात पाटनकडून मटार येतो. आमच्याकडे तो किलोने नाही, पोत्याने घेतात. सोलून वर्षभराचा साठवायचा असतो. बायको असताना हे काम आम्ही दोघं बैठकीत चटई टाकून करायचो. त्या वर्षी मी एकटाच सोलत बसलो, तर सून नुसत्या ऐकायच्या मीटिंगा असल्या की लॅपटॉप टेबलावर ठेवून खाली चटईवर येऊन बसायची. कानात पुण्याची माणसं, बोटांत शेंगा. मधेच माइक चालू करून इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची आणि पुन्हा शेंग फोडायची. आम्ही फारसं बोलत नसू. सालांचा ढीग वाढत जायचा. बायको गेल्यानंतर त्या घरात मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या चटईवर.

त्याच हिवाळ्यात ती मला म्हणाली, "बाबा, वरच्या खोलीची लाइन कधी कराल? माझी टीमची मुख्य व्हायची बोलणी चालू आहेत. त्यांची अट आहे, खोली बंद पाहिजे आणि नेट वायरीचं पाहिजे. गिऱ्हाइकांची माहिती असते ना."

"करून टाकू," मी म्हणालो. आणि केली. पाइपातून पोलादी तार घालून, केबलीला पावडर चोळून, गच्चीच्या कोपऱ्यापर्यंत एका दमात ओढली. भिंतीवर सॉकेट बसवलं. यंत्रावर सगळे दिवे ओळीने लागले. एकही मागे राहिला नाही. तिने वर दुसरं टेबल नेऊन ठेवलं, पडदा लावला. म्हणाली, "उद्यापासून वर."

त्या दुपारी ती चटईवर बसून सोलत होती आणि हेडफोनमध्ये कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि उद्याची दुपार दिसली. चटई, पोतं आणि मी. वरून पावलं ऐकू येतील तेवढीच.

मी उठलो, खोलीत गेलो, कपाट उघडलं आणि वरच्या खोलीचा तो वीतभर तुकडा स्विचमधून उपटला. एक टोक लोंबकळत राहिलं. मनात म्हणालो, एकच दिवस. हा मटार संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वरून खाली आली. "बाबा, वर नेट येऊन राहिलं नाही."

मी म्हणालो, "असं कसं? काल तर होतं." आणि लगेच, कुणी न विचारता, "उंदराने कुरतडली असेल."

हे वाक्य कुठून आलं मला आजही माहीत नाही. पण ते बाहेर पडलं आणि मी त्याच्या आत अडकलो.

आता एका पाटीबद्दल सांगायला हवं. फॅक्टरीत आमचा एक नियम होता. कुठल्याही लाइनवर काम करायचं तर आधी फ्यूज काढायचा, तो स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि बोर्डावर लाल पत्र्याची पाटी टांगायची, 'काम चालू है, हाथ न लगाएँ'. खाली खडूने आपलं नाव. ज्याने टांगली त्यानेच ती काढायची. वरचा साहेब आला तरी तिला हात लावणार नाही. एकदा माझ्यादेखत एकाने घाईत दुसऱ्याची पाटी बाजूला केली होती, आणि आमच्या एका जोडीदाराचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून ती पाटी माझ्यासाठी देवासारखी. क्वार्टरमध्ये मीटरवर काम करतानाही मी ती टांगायचो. मुलगा लहान असताना एकदा तिच्याशी खेळायला गेला, तर मी त्याच्या थोबाडीत मारली होती. त्यानंतर त्याला कधी सांगावं लागलं नाही.

रिटायर होताना एक जुनी, रंग उडालेली पाटी मी घरी आणली होती. त्या सकाळी मी ती कपाटातल्या स्विचच्या पुढे टांगली. खडूने नाव लिहिलं.

मुलगा संध्याकाळी आला, सगळं ऐकलं, कपाट उघडलं, पाटी पाहिली आणि बंद केलं. "बाबा करून राहिलेत," तो तिला म्हणाला. "त्यांचं काम झालं की होईल." बँकेत असला तरी तो शिकलेला इंजिनिअर आहे. पाटी बाजूला करून नुसतं डोकावला असता तरी त्याला कळलं असतं. पण तो डोकावला नाही, कारण त्याला मी तसं वाढवलं होतं. आयुष्यभर जी पाटी मी माणसं वाचवायला टांगली, तिच्यामागे मी एक खोटं लपवलं. आणि घरातल्या सगळ्यांनी तिचा मान राखला.

मटार संपला. तुकडा परत लावायला काहीच हरकत नव्हती. फक्त मला सांगावं लागलं असतं की काय दुरुस्त केलं. मुलगा विचारणार, कुठे कुरतडली होती? दाखवा. किती बदलली? मी एकदा उरलेल्या केबलीचा तुकडा घेऊन पक्कडीने त्याला उंदराचे दात पाडायचा प्रयत्न केला. पक्कडीचा घाव पक्कडीचाच दिसतो. विजेचं काम केलेला कुणीही ओळखेल. मी तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर टाकून आलो, चोरी करून आल्यासारखा.

दिवस जात राहिले तसं ते अधिकच अवघड होत गेलं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर थट्टा झाली असती. महिन्याने सांगितलं असतं तर भांडण. त्यानंतर काय झालं असतं याचा विचार मी सोडून दिला. रोज सकाळी कपाटासमोर उभा राहायचो, पाटी बघायचो, आणि दार लावायचो. माझ्याच नावाची पाटी होती आणि मलाच ती काढता येईना.

ती विचारायची. आधी रोज, मग आठवड्याने. "बाबा, आपण कंपनीवाल्याला बोलवू का?" एकदा तिने बोलावलाच. तो शिडी घेऊन आला. मी कपाटाच्या दारात उभा राहिलो. "भैया, तुमचं काम डब्यापर्यंत. घरातलं वायरिंग माझं आहे." तो म्हणाला, "अंकलजी, दो मिनट का काम है, देख तो लेने दो." मी म्हणालो, "पाटी दिसत नाही का?" तो गेला. सून कमानीत उभी होती. कमानीचा खांब नखाने खरवडत राहिली.

वायफाय वर जात नव्हतं. मोबाइलवरून नेट घेऊन तिने वर बसून पाहिलं, पण आवाज तुटायचा, आणि अट तर वायरीचीच. ती पुन्हा खाली आली. माझ्या खोलीला दार होतं, पण ती मी देऊ केली नाही, आणि सासऱ्याची खोली तिने मागितली नाही. माझ्या मनासारखं झालं होतं. पण आता ती चटईवर बसत नसे. टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून बसायची, दोन्ही कान झाकून.

मग तिची ती मुलाखत ठरली. टीमची मुख्य करायची की नाही, याची. आदल्या दिवशी ती माझ्याजवळ आली. "बाबा, उद्या दुपारी बैठकीत कोणी नको. एवढं कराल?"

"हे काय विचारणं झालं?" मी म्हणालो. त्याच क्षणी मी ठरवलं की सकाळी तुकडा लावायचा. काय व्हायचं ते होवो.

सकाळी मुलगा बूट घालत होता. मी म्हणालो, "आज वरची लाइन बघतोच."

तो हसला. "इतके महिने नाही झालं, अन् आज तिच्या मुलाखतीच्या दिवशी? राहू द्या बाबा. मधेच तुटलं तर? आणि करायचीच असेल तर रविवारी करू, मी पण बघतो कुठे खाल्ली ते. दोघं मिळून पाइपातून सगळी ओढून काढू."

सगळी ओढून काढू. म्हणजे अखंड, धड केबल त्याच्या हातात येणार. "बरं," मी म्हणालो. तो गेला. तुकडा लोंबकळत राहिला.

मित्रांना फोन करून मी सांगितलं, आज येऊ नका. टीव्हीची पिनही काढून ठेवली. रस्त्याकडचा दरवाजा लावला. कमानीला एक जुनी चादर बांधली, कारण दार नव्हतं. आणि मुलाखत सुरू झाल्यावर मी माझ्या खोलीत पलंगावर बसून राहिलो. समोर कपाट. खोकला आला तो उशीत तोंड खुपसून खोकलो. तिचा आवाज ऐकू येत होता, मोजका, स्पष्ट. छान बोलत होती. मला वाटलं, झालं, निभावलं.

बराच वेळ बोलल्यावर तिचा घसा बसला. खाकरू लागली, थांबू लागली. पाण्याचा तांब्या मी टेबलावर ठेवायला विसरलो होतो. मी उठलो. स्वयंपाकघरातून पेला भरला आणि चादर बाजूला करून हळूच आत सरकवावा म्हणून वाकलो. त्याच वेळी तिला कुणीतरी म्हणालं होतं की खोली दाखवा. ती लॅपटॉप उचलून गोल फिरवत होती. लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळला तेव्हा मला मीच दिसलो, एका कोपऱ्यातल्या चौकटीत. बनियन, हातात पेला, मागे अर्धवट सुटलेली चादर आणि गॅसवरचा कुकर.

पलीकडून एक बाई अगदी सभ्यपणे म्हणाली, "अच्छा. तो ये बंद कमरा नहीं है."

"जी, ऊपर एक कमरा है," सून म्हणाली. "वहाँ की लाइन... उसका काम चालू है."

माझ्या पाटीवरचे शब्द. तिने ते माझ्यासाठी वापरले, माझ्याकडे न बघता.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. रविवारी वायर ओढून काढायचा विषय मग कुणी काढला नाही. त्यानंतर काही दिवसांनी कंपनीने ती अट सगळ्यांनाच लावली. बंद खोली, वायरीचं नेट, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात या. पुण्याला जाणं तेव्हा शक्य नव्हतं, मुलाची नोकरी इथे. तिने राजीनामा दिला. मुलगा चिडला. "घरात सगळं होतं तुला. थोडं अ‍ॅडजस्ट नाही करता आलं?" मी तिथेच बसलो होतो. ती म्हणाली, "नाही आलं." बस, एवढंच. नागपूरहून माझ्या बहिणीचा फोन आला तेव्हा मीच तिला सांगितलं, "तिचं मनच नव्हतं गं त्या कामात." तिथून ते सगळ्या नातेवाइकांत गेलं, आणि मंडपातल्या बाईंपर्यंत पोचलं. ते वाक्य माझं आहे.

पुढे मुलाने बदली मागून घेतली आणि दोघं पुण्याला गेली. ज्या शांततेला घाबरून मी ती वायर काढली होती, ती शांतता घरभर पसरली. ती गेली त्या दिवशी मी कपाट उघडलं, पाटी काढली, खडूचं नाव ओल्या फडक्याने पुसलं आणि तुकडा लावला. स्विचवर काहीच झालं नाही. दिवा लागायला वर कुणीतरी असावं लागतं.

आता ती दोघं वर्षातून एकदा येतात, बहुधा थंडीत. तिला पुण्यात दुसरी नोकरी लागली. पहिलीएवढी नाही, पण बरी आहे म्हणते. यंदा आली तेव्हा दोन दिवस इथूनच काम करायचं होतं. लॅपटॉप घेऊन ती सरळ बैठकीतल्या खिडकीकडे गेली. टेबल तिथे आता नाही. ती खाली चटईवर बसली, जिथे मी मटार घेऊन बसलो होतो, आणि सवयीने पाटी पुढे ओढली. म्हणजे शेंगांची पाटी, वेताची.

मी बराच वेळ धीर गोळा केला. मुलगा सराफ्यात कुणाचं तरी मंगळसूत्र जोडून आणायला गेला होता. घरात कुणी नव्हतं.

"वरची लाइन चालू आहे आता," मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "हो? मग उंदीर कुठे गेला?"

मी परातीतले दाणे हाताने पसरत राहिलो.

"म्हातारा झाला असेल बिचारा," ती म्हणाली आणि एक शेंग फोडून माझ्या परातीत दाणे टाकले. मग, अगदी साध्या आवाजात, "मी पाहिलं होतं बाबा. तो कंपनीवाला येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही भाजी आणायला गेला होता. पाटीला हात नाही लावला, वाकून मागून पाहिलं. नुसतं टोक लोंबकळत होतं."

"मग लावलं काहून नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही टांगली होती. तुम्हीच काढायची होती ना." ती शेंगा सोलत राहिली. "मला वाटे, आज म्हणतील. मुलाखतीच्या दिवशी तर वाटलंच होतं."

इतकी वर्षं मी समजत होतो की पाटीमागे मी एकटा अडकलो आहे. ती बाहेर उभी राहून सगळं बघत होती, नोकरी जाताना, नवऱ्याची बोलणी खाताना, आणि एका शब्दाने मला उघडं पाडत नव्हती. माझ्याच नियमाने वागत होती.

मी म्हणालो, "बेटा," आणि थांबलो. ती थांबली. बोटांतली शेंग तशीच धरून तिने माझ्याकडे पाहिलं. फाटकाची कडी वाजली. मुलगा आला होता. अजून अंगण ओलांडून आत यायचा होता. तेवढा वेळ पुरेसा होता.

"यंदा मटार कोवळा आहे," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली, आणि शेंग फोडली.

त्यानंतर दोघं परत गेली. रविवारी फोन येतो. ती विचारते, चहा झाला का, गुडघा कसा आहे. मी सांगतो. फोन ठेवल्यावर मी ते वाक्य म्हणून बघतो, मोठ्याने, बैठकीत. कमानीतून ते स्वयंपाकघरापर्यंत जातं. अवघड काहीच नाही त्यात. बेटा, उंदीर नव्हता. वायर मीच काढली होती, तू खाली बसावीस म्हणून. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली आणि दोष मी तुझ्यावर जाऊ दिला. माझं चुकलं. मला माफ कर.